"कॅट गेलाय" म्हणाला, आणि खरंच गेला

जुनी पेट्रोल गाडी असेल, डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागला असेल आणि गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दोन मिनिटांत "कॅट गेलाय साहेब" (कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा) सांगितलं असेल, तर पाकिटाला हात लावायच्या आधी हे वाचा. माझे २२ हजार गेले आणि अजून जाणार आहेत.

गाडी ऑगस्ट २०१३ ची हॅचबॅक, बीएस फोर (तेव्हाचा प्रदूषणाचा नियम), पुण्यातच घेतलेली. दिवाळीनंतर दिवा लागला. पण त्याच्या महिनाभर आधीपासून सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून टिकटिकटिक आवाज यायचा आणि पाच-सात मिनिटांत आपोआप बंद व्हायचा. ही म्हणाली, अहो शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाटतंय, मी म्हटलं गाडीचं वय झालं, करणारच आवाज. अ‍ॅव्हरेज पण पंधरावरून बाराच्या खाली आलेलं. या दोन्ही गोष्टी मी गॅरेजवाल्याला सांगितल्या होत्या बरं का. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

स्कॅनरवर पी ०४२० हा बिघाडाचा कोड आला. मोबाईलवर त्याचा अर्थ दाखवला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. ओरिजिनल ४० च्या वर जाईल, तुमच्या गाडीला एवढं कशाला घालताय, मी चांगला लोकल टाकून देतो साडेसोळात, रोख दिले तर जीएसटी वाचेल. मी खूश! दोन दिवसांनी गाडी मिळाली, दिवा गेलेला, बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर "सायलेन्सर काम १६५००".

दिवा जाण्याचं मला आता कळतंय ते असं, की स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा तसाही विझतो, काही दुरुस्त केलं असो वा नसो. गाडीचा कॉम्प्युटर कॅटची तपासणी लगेच करत नाही, गाडी गरम होऊन काही वेळ एका वेगाने चालली की मग करतो, त्यामुळे सिटीत फिरत असाल तर आठवडा पण निघून जातो. माझा दिवा साताऱ्याला जाऊन येताना परत लागला. परत गॅरेज. "नवीन कॅट आहे ना, आता मागचा सेन्सर मॅच होत नाहीये", साडेपाच हजार. तेही दिले. त्यानंतर दिवा कधीच लागला नाही म्हणून मी त्याचं नाव दोन मित्रांना पण सुचवलं (त्यातला एक अजून बोलत नाही माझ्याशी).

भांडं फुटलं ते पीयूसीला. बीएस फोर पेट्रोलला आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ०.३ टक्क्याच्या आत लागतो, माझा १.२ आला. पीयूसीवाला पोरगा म्हणाला काका, गाडीमागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरतायत, काहीतरी गडबड आहे. पीयूसी नसताना पकडलं तर दंड १० हजारापर्यंत, शिवाय इन्शुरन्स पण तोंडावर आलेला. मग ऑफिसातल्या एकाने हडपसरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं.

त्यांनी आधी विचारलं, आवाज येतो का काही. टिकटिक म्हटल्यावर गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड असतानाच चालू केली, पोराला सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरायला लावलं आणि स्वतः मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे! तिथे काजळीचा काळा पट्टा पण होता, बॉनेट उघडून टॉर्च मारला असता तर कुणालाही दिसला असता. त्या जोडातलं पॅकिंग जळलेलं. इंजिन गरम झालं की लोखंड फुगतं आणि फट बरीचशी बुजते, म्हणून आवाज बंद व्हायचा.

आता गंमत बघा. कॅटच्या आधी एक ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असतो आणि नंतर एक. पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये नाचत राहतं, कॅट ठीक असेल तर मागच्याचं जवळपास स्थिर असतं, मागचाही तसाच नाचायला लागला की पी ०४२० येतो. माझ्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, पुढच्या सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर बिचारा अजून पेट्रोल ओतायचा. मिस्त्रींनी त्यांच्या स्कॅनरवर लाईव्ह आकडा दाखवला, नेहमीपेक्षा १९ टक्के जास्त पेट्रोल, प्लग काळेकुट्ट. म्हणजे मिश्रणच बिघडल्यामुळे मागचा सेन्सरही नाचला आणि कोडने कॅटकडे बोट दाखवलं, पण चोर त्याच्या आधी बसलेला. पॅकिंग, एक तुटलेला स्टड आणि मजुरी मिळून १४५० रुपये.

मग गाडी वर घेतली. त्यांनी "नवीन" कॅटवर बोटाने टकटक केली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रिकाम्या डब्याचा आवाज. आत धूर साफ करणारी जाळी नाहीच, नुसतं वेल्डिंग केलेलं खोकं. आणि साडेपाच हजाराचा सेन्सर म्हणजे माझाच जुना सेन्सर, मध्ये एक लांब पोकळ नट घालून धुरापासून लांब धरलेला, जेणेकरून त्याला काही कळूच नये. असा नट दीड-दोनशेला मिळतो म्हणे.

माझा ओरिजिनल कॅट बहुतेक चांगलाच होता. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारवाले तो चांगले पैसे देऊन घेतात, आणि मी जुना पार्ट मागितलाच नव्हता. गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं तर म्हणे, "जुना पार्ट कोण मागतं काका, तेव्हाच भंगारात गेला." आवाज चढवला तर बिल दाखवा म्हणाला. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करायला बसलो आणि हातात काय, तर ते वहीचं पान, त्यावर ना गॅरेजचं नाव, ना गाडी नंबर, ना कॅट हा शब्द. रोख दिल्यामुळे बँकेत पण नोंद नाही.

अ‍ॅव्हरेज चौदावर आलंय. सीओ पण उतरला, पण ०.५ वरच अडलाय, खोक्यात जाळी नसेल तर त्याच्या खाली येणार कसा. ओरिजिनल कॅटचं कोटेशन ४३ हजार आलंय, पक्क्या बिलासकट. मिस्त्रींनी जळकं पॅकिंग न मागता पेपरात गुंडाळून डिकीत ठेवलं होतं, ते परवा हिला सापडलं, म्हणाली हे काय कचरा घेऊन फिरताय.