आठ महिने सनस्क्रीन वापरून काय कळलं (त्यातले साडेतीन महिने फुकट गेले)

मी द्राक्षबागांना सल्ला द्यायचं काम करतो, म्हणजे सांगलीतनं सकाळी गाडीला किक मारायची आणि तासगाव, सावळज, मणेराजुरी असं दिवसभर बागेतनं फिरायचं, संध्याकाळी परत. गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला गालाच्या हाडावर तपकिरी डाग दिसायला लागला, बायको म्हणाली वांग आलाय, दाखवून या. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, गेलो. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि वर सनस्क्रीन, एसपीएफ ५० (म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा), ५० ग्रॅमची ट्यूब. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सांगायचंय ते कुठल्याही ट्यूबला लागू आहे.

तर पहिली ट्यूब मला ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पुरली आणि मी जाम खूश, चारशे रुपयांत साडेतीन महिने! डाग मात्र होता तिथंच, उलट जरा गडदच. फेब्रुवारीत परत गेलो आणि कौतुकानं सांगितलं की बघा पहिली ट्यूब आत्ता कुठं संपली, तर बाई हसल्या. म्हणाल्या दाखवा बघू किती घेता. मी वाटाण्याएवढं घेतलं. त्यांनी माझ्याच पहिल्या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या, म्हणाल्या एवढं तोंडाला आणि मानेला, एका वेळचं. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा काढताना लॅबमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर लावतात, आपण त्याच्या पाव भाग लावला तर ५० चं संरक्षण कुठनं मिळणार.

हे ऐकून मला माझीच लाज वाटली कारण औषधाचा डोस कमी घेऊ नका, लिटरला एवढं म्हणजे एवढंच, हे मी शेतकऱ्यांना रोज ओरडून सांगतो.

तेव्हापासून दोन बोटं, दिवसातनं दोनदा. पाच ट्यूबा झाल्या, सहावी चालूय, म्हणजे एक साधारण पंचवीस दिवस जाते आणि रोजचे सोळा रुपये. खिशाला लागतंय, खोटं कशाला बोलू. नियमाप्रमाणे उन्हात दर दोन तासांनी लावायचं असतं पण बागेत ते मला जमत नाही, सकाळी निघताना आणि दुपारी जेवायच्या आधी एवढंच जमतं. तेही सोपं नाही, फवारलेल्या पानांना हात लागलेले असतात, आधी साबणानं हात धुवा, मग तोंडावरची धूळ धुवा, पुसा, मग क्रीम. ट्यूबवर हे कोण लिहीत नाही.

पहिले पंधरा दिवस चेहरा असा पांढरा दिसायचा की एका दादांनी विचारलं, साहेब तमाशात काम धरलं काय. झिंक ऑक्साईडवाल्या क्रीमचं असं होतं. शिवाय घाम आला की डोळ्यात जाऊन झोंबायचं. आता जेलसारखं, हलक्या रंगाचं घेतो. तो रंग नुसता शोभेचा नाही बरं का, त्यात आयर्न ऑक्साईड असतं आणि वांगावर नुसत्या अतिनील किरणांचा नाही तर दिसणाऱ्या उजेडाचाही परिणाम होतो, तो ते थोडा अडवतं.

आता लोक काय काय विचारतात ते. ३० पेक्षा ५० दुप्पट भारी का? नाही. पुरेसं लावलं तर ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८ (यूव्हीबी आणि यूव्हीए हे अतिनील किरणांचेच प्रकार). आणि तो आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबीचा, काळपटपणा आणि सुरकुत्या वाढवणाऱ्या यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए आणि त्यापुढच्या अधिकच्या (+) खुणा बघायच्या. ५० म्हणजे पन्नास पट वेळ उन्हात बसा असंही नाही, घामानं आणि पुसण्यानं ते जातंच.

गोरं होतं का? अजिबात नाही, माझा रंग तोच आहे, डाग मात्र मलम धरून बराच फिका झाला. आपण सावळे, आपल्याला कशाला? सावळ्या कातडीला थोडं जन्मजात संरक्षण असतं खरं, पण डाग आपल्यालाच लवकर पडतात आणि जायला वेळ लावतात. आमच्या आईचं मत, सांगलीत राहून हळद सोडून ट्यूब कसली लावतोस. हळद चांगलीच, पण ती ऊन अडवत नाही. आणि लिंबू चोळून उन्हात तर जाऊच नका, कातडी भाजून काळी पडते, आमच्या मेव्हण्यानं करून बघितलंय.

खरं सांगायचं तर क्रीमपेक्षा जास्त काम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी करते. द्राक्षाच्या घडाला ऊन लागू नये म्हणून आपण एकेक घड पेपरात गुंडाळतो, बेदाणा हिरवा राहावा म्हणून शेडवर नेट टाकतो, आणि स्वतः मात्र उघड्या डोक्यानं बांधावर. मी क्रीम फक्त उरलेल्या जागेला लावतो, तोंड, मान, कान (कान सगळे विसरतात) आणि तळहाताची मागची बाजू.

आता जून लागलाय, ढग आलेत, पण म्हणून काय लावायचं सोडलं नाही. पातळ ढगातनं बरेच किरण खाली येतातच.

एक चूक अजून सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीत ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवायचो, उन्हानं आतलं पाणी वेगळं आणि गोळे वेगळे झाले, अर्धी ट्यूब टाकून दिली. आता ती जेवणाच्या पिशवीत असते, भाकरीच्या फडक्याशेजारी.