कायटोसानसाठी शंख की सुंगटाची (कोळंबीची) सालं?

कायटोसान म्हणजे सालीतल्या कायटिन या चिवट तंतुमय पदार्थावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून मिळणारा, सौम्य अ‍ॅसिडमध्ये विरघळणारा पदार्थ. बेळगाव-खानापूरकडे तो करायचा तर अ‍ॅसिड आणि कॉस्टिक (सोडा) गावात मिळेल, पण कच्चा माल घाट चढूनच येणार: चोर्ल्याने गोव्याहून, नाहीतर आंबोलीने वेंगुर्ल्याहून. शंख इथे सोयीचे वाटतात. धुऊन वाळवले की पोत्यात कितीही दिवस राहतात (मात्र काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, त्या ओळखूनच घ्या). सुंगटाची सालं काही तासांतच वास मारतात. ती किनाऱ्यावरच कडक वाळवून घ्यावी लागतात आणि पावसाळ्यात तेही जमत नाही.

तरी माझा कल सुंगटाकडे. शंख म्हणजे बहुतेक चुनाच, 95 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट. तो विरघळवून काढायला किलोभर भुकटीला 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पावणेदोन-दोन लिटर लागतं. नऊ भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड, या हिशेबाने वीसेक लिटर द्रावण. भराभर टाकलं की फेस बादलीबाहेर. शेवटी उरतो पातळ पापुद्रा, त्यातही बरीच प्रथिनं. वाळक्या सुंगटाच्या सालीत कायटिन साधारण 15 ते 25 टक्के असतं.

पण माझ्या लेखी निकाल लागला तो फसव्या भुकटीमुळे. शंखाचा जाड कण बाहेरून विरघळतो, तोवर अ‍ॅसिड संपतं आणि आतला चुना तसाच राहतो. वाळवून तोलला की उतारा भरघोस दिसतो. ही भुकटी पुढे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्येही विरघळते, म्हणून कायटोसान झालं असं वाटतं. बुडबुडे आले की चुना समजा. कायटोसान आधी फुगतं, आणि एक टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या 100 मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम टाकून रात्रभर ठेवलं की द्रावण पातळ काकवीसारखं ओघळतं. शंखाचं बहुधा पाण्यासारखंच राहतं.

सुंगटाला अ‍ॅसिडनंतर प्रथिनं काढायला चार टक्के कॉस्टिकमध्ये 60-70 अंशांवर दोनेक तास, मग स्वच्छ धुऊन कायटिनचं कायटोसान करायला 50 टक्के कॉस्टिकमध्ये 100 अंशांच्या आसपास काही तास. अ‍ॅसिडला प्लास्टिकची बादली, कॉस्टिकला स्टीलचं भांडं. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको: कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. जास्त शिजवलं तर दाटपणा जातो.

शंख पदरात असतीलच तर जाडसर कुटून ठेवा. सुंगटाचं वापरलेलं अ‍ॅसिड बुडबुडे थांबेपर्यंत त्यांवर ओता. उरलेलं पाणी मात्र उसाच्या पाटात सोडू नका, त्यातलं क्लोराइड जमिनीत साठतं.