सॅनफर्ड स्टेडियममधील जॉर्जिया विरुद्ध जॉर्जिया टेक : तिकिटाचे पैसे वसूल, मनाचे समाधान अर्धेच

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स येथील जॉर्जिया विद्यापीठाच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये २९ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, जॉर्जियाने अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, जॉर्जिया टेक या विद्यापीठाला, आठ ओव्हरटाइमनंतर ४४-४२ असे हरवले. त्या रात्री मी तिथे जॉर्जियाचा समर्थक म्हणून हजर होतो. प्रेक्षक म्हणून स्टेडियमने मला काय दिले आणि समर्थक म्हणून मी काय घेऊन बाहेर पडलो, या दोन गोष्टींचा हिशेब मला वेगवेगळा मांडावासा वाटतो, कारण त्यांची उत्तरे जुळत नाहीत. सामना पाहण्याची जागा म्हणून सॅनफर्डला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन. त्या विजयाला मात्र मला आजही निर्विवाद गुण देता येत नाहीत, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक जॉर्जिया समर्थकांची अवस्था याहून वेगळी नाही.

आधी जागेविषयी. हे स्टेडियम १९२९ साली येल विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने सुरू झाले. विद्यापीठाच्या परिसरातल्या एका सखल दरीत ते बांधलेले असून मैदानाखालून टॅनयार्ड क्रीक हा ओढा बंदिस्त नाल्यातून वाहतो. दरीच्या या रचनेचा प्रेक्षकाला थेट लाभ होतो, कारण आसने उतारावर चढत गेल्याने वरच्या मजल्यावरूनही मैदान पायाशी असल्यासारखे दिसते आणि नव्वद हजारांहून अधिक माणसांचा आवाज बाहेर न पसरता आतच घुमत राहतो. मैदानाभोवतीचे प्रिव्हेटच्या झुडपांचे हिरवे कुंपण ही या जागेची खूण. घरच्या मैदानावरचा सामना म्हणजे ‘कुंपणाच्या आतला’ सामना, असे इथले लोक सहज बोलून जातात.

तिकीट मोबाईलवर येते आणि पिशवी पारदर्शक असावी लागते. हे दोन नियम आधी माहीत असतील तर प्रवेशद्वारावर फारसा वेळ जात नाही. दक्षिण बाजूचा कॉनकोर्स (आसनांमागचा ये-जा करण्याचा मार्ग) अलीकडेच रुंद करण्यात आला असून तिथे स्वच्छतागृहेही वाढवली आहेत. मध्यंतरातली पूर्वीची चेंगराचेंगर आठवणाऱ्या माणसाला हा बदल सुखद वाटेल. आसने बहुतांशी धातूच्या लांब बाकांची आहेत आणि नोव्हेंबरअखेरच्या रात्री ती बर्फासारखी गार पडतात, म्हणून बसायला जाड गादी जरूर घ्यावी. मी तिकीट एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतले. आसन निवडताना दाखवलेली रक्कम आणि शेवटी आकारलेली रक्कम यांत खटकण्याजोगा फरक होता. तो दोष स्टेडियमचा नाही, पण तिकीट घेणाऱ्याने शेवटचा आकडा पाहूनच निर्णय करावा.

सामन्याच्या आधीचा वेळ इथे वाया जात नाही. खेळाडूंचा ताफा वाद्यवृंदाच्या साथीने समर्थकांच्या गर्दीतून चालत स्टेडियमकडे येतो आणि तो पाहण्यासाठी माणसे बराच वेळ आधीपासून जागा धरून उभी असतात. त्यानंतर स्टेडियमच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर, एकटा ट्रंपेटवादक उभा राहतो. तो पहिले काही सूर काढतो तेव्हा लोक टोप्या काढून हात त्याच्या दिशेने धरतात आणि इतका मोठा समुदाय एकाएकी शांत होतो. त्या रात्री माझ्या पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी लोकरी टोपी काढून छातीशी धरली होती आणि थंडीने त्यांचे कान लालबुंद झाले होते, तरी शेवटचा सूर विरेपर्यंत त्यांनी ती पुन्हा घातली नाही.

हा सामना इतर सामन्यांसारखा का नसतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दोन्ही विद्यापीठे पहिल्यांदा १८९३ मध्ये एकमेकांविरुद्ध खेळली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जॉर्जियाने संघ उभा केला नाही आणि टेक मात्र खेळत राहिले. पुढे १९१९ मध्ये जॉर्जियाच्या विद्यार्थ्यांनी मिरवणुकीत त्यावरून टेकला डिवचले आणि संबंध इतके बिघडले की १९२५ पर्यंत फुटबॉलचा सामनाच झाला नाही. दुसऱ्या महायुद्धातील १९४३ आणि १९४४ चे दोन सामने टेकने जिंकले, परंतु आपले खेळाडू युद्धावर गेलेले असल्यामुळे जॉर्जिया ते सामने आजही मोजत नाही, तर टेक मोजते. कोणता विजय खरा धरायचा आणि कोणता नाही, हा वाद या वैरात असा फार जुना आहे.

आता त्या रात्रीच्या खेळाकडे वळतो. पुढच्याच आठवड्यातल्या एसईसी (जॉर्जिया ज्यात खेळते तो विद्यापीठांचा गट) अजिंक्यपद सामन्यातले स्थान जॉर्जियाने आधीच निश्चित केले होते आणि घरच्या मैदानावर संघ २०१९ पासून हरलेला नव्हता. टेकने त्याच महिन्यात तोवर अपराजित असलेल्या मायामीला हरवले होते, तरीही आमच्या बाजूच्या बहुतेकांनी सहज विजय गृहीत धरला होता. मध्यंतराला फलकावर टेक १७, जॉर्जिया ० असे आकडे होते, आणि ते दैवाने पडलेले नव्हते. टेकच्या आक्रमक फळीने आमच्या बचावफळीला समोरासमोर मागे रेटले होते आणि क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) हेन्स किंग कधी पास देऊन, कधी स्वतः चेंडू घेऊन धावत हवे तेव्हा अंतर कापत होता. मध्यंतरात कॉनकोर्सवर जी शांतता होती, ती मी या स्टेडियममध्ये पूर्वी अनुभवली नव्हती.

चौथ्या सत्राच्या आरंभी सगळे प्रेक्षक मोबाईलचे दिवे पेटवून हात वर करतात, ही इथली प्रथा आहे आणि आम्ही पिछाडीवर असूनही ती पाळली गेली. साडेपाच मिनिटे उरली असताना किंगच्या आणखी एका टचडाउनने, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेण्याने, गुणसंख्या २७-१३ झाली. आमच्या रांगेतली काही मंडळी तेव्हा उठून गेली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण तोवर जॉर्जियाच्या खेळात परतण्याचे काही चिन्ह नव्हते. त्यानंतर आमचा क्वार्टरबॅक कार्सन बेकने डॉमिनिक लव्हेटला टचडाउनचा पास दिला आणि सुमारे दोन मिनिटे उरलेली असताना त्या सामन्यातला तो क्षण आला, ज्याच्यामुळे हा विजय अजून माझ्या मनात नीट बसत नाही. किंग चेंडू घेऊन धावत होता, जॉर्जियाच्या डॅन जॅक्सनने त्याला जोरात धडक दिली, चेंडू सुटला आणि तो जॉर्जियाने ताब्यात घेतला. त्या धडकेत शिरस्त्राण शिरस्त्राणावर आदळले आणि त्यासाठी दंड व्हायला हवा होता, असे टेकच्या लोकांचे म्हणणे होते. पंचांनी दंडाचा झेंडा टाकला नाही. थोड्याच वेळात लव्हेटनेच दुसरा टचडाउन केला आणि मिनिटभराचा खेळ शिल्लक असताना २७-२७ अशी बरोबरी झाली.

मी तेव्हा इतरांइतकाच ओरडलो. मात्र घरी येऊन तो क्षण संथ गतीने पुन्हा पाहिला तेव्हा, टेकच्या समर्थकाच्या जागी मी असतो तर माझे मत काय झाले असते, याचे उत्तर मला लगेच मिळाले. जॉर्जियाच्या प्रत्येक जुन्या समर्थकाला १९९९ चा सामना पाठ आहे. टेकच्या मैदानावर बरोबरीची स्थिती असताना जॉर्जियाच्या जॅस्पर सँक्सच्या हातून चेंडू सुटल्याचा निर्णय पंचांनी दिला, टेकने ओव्हरटाइममध्ये ५१-४८ असा सामना जिंकला आणि पुढे त्या पंचांवर कारवाईही झाली. त्या निर्णयाचा राग आम्ही पंचवीस वर्षे जपला. तोच राग बाळगणाऱ्यांनी, निर्णय आपल्या बाजूने लागताच, ‘पंच सांगतील ते खरे’ असे म्हणणे मला पटत नाही. झेंडा पडला नाही म्हणून विजय खोटा ठरत नाही, हे मी जाणतो. पण समोरच्याची तक्रार रास्त असू शकते, एवढे मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा आपल्यात असावा.

ओव्हरटाइमचे नियम इथे थोडक्यात सांगायला हवेत, कारण तिकीट घेताना त्यांचा उपयोग होतो. पहिल्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना २५ यार्डांच्या रेषेपासून एकेक संधी मिळते. दुसऱ्यात टचडाउन केल्यास चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेऊन जादा दोन गुण मिळवण्याचा प्रयत्न सक्तीचा असतो. तिसऱ्यापासून पुढे २०२१ च्या नियमानुसार टचडाउनची मालिकाच नसते आणि प्रत्येक संघ तीन यार्डांवरून दोन गुणांसाठी फक्त एक प्रयत्न करतो. एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि टेक्सस ए अँड एम यांच्यातील २०१८ चा सामना सात ओव्हरटाइम चालल्यानंतर, खेळाडूंची दमछाक कमी व्हावी म्हणून या बदलांना सुरुवात झाली, आणि तो हेतू योग्यच आहे. पण एका ओव्हरटाइममधील दोन्ही संघांचे प्रयत्न मैदानाच्या एकाच टोकाला होतात. त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या प्रेक्षकाला निर्णायक क्षण शंभर यार्डांवरून पाहावे लागतात आणि बहुतेकांची नजर मैदान सोडून मोठ्या पडद्याकडे वळते. माझेही तसेच झाले. त्यातच तासन्‌तास रंगलेल्या लढतीचा निकाल तीन-तीन यार्डांच्या तुकड्यांवर लागणे मला खेळाच्या दर्जाला शोभणारे वाटत नाही. जॉर्जिया हरले असते तरी मी हेच लिहिले असते.

आठव्या ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाचा पहिल्या वर्षाचा धावपटू नेट फ्रेझियर चेंडू घेऊन एंड झोनमध्ये घुसला आणि सामना संपला. ओव्हरटाइमच्या संख्येचा विचार केला तर या पातळीवर याहून लांबलेला एकच सामना तोवर झाला होता, तो २०२१ मधला इलिनॉय आणि पेन स्टेट यांचा, नऊ ओव्हरटाइमचा. माझ्या शेजारी बसलेली तरुण मुलगी रडत होती आणि तिच्या वडिलांना ती आनंदाने रडते आहे की ताण ओसरल्यामुळे, हे कळत नव्हते. ‘जिंकलो ना आपण?’ असे त्यांनी तिला दोनदा विचारले. फलक समोर असूनही तो प्रश्न मला अनाठायी वाटला नाही.

आनंद मोठा होता, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. घरच्या मैदानावरचा सलग ३१ वा विजय, टेकविरुद्धचा सलग सातवा विजय आणि चौदा गुणांच्या पिछाडीवरून साडेचारएक मिनिटांत साधलेली बरोबरी, यांत कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही. बेकने पाच टचडाउन पास दिले. संपूर्ण मोसमभर त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी निदान त्या रात्रीपुरते त्याचे ऋण मानायला हवे. पण आनंदाच्या बरोबरीने इतर भावनाही होत्या आणि त्या दडवून आढावा लिहिणे खोटेपणाचे होईल. पहिल्या अर्ध्यातल्या खेळाची लाज होती. आठवड्याने टेक्ससविरुद्ध खेळायचे असताना बचावफळी इतका वेळ मैदानावर राबली, याची काळजी होती. आणि हेन्स किंगविषयी निर्भेळ आदर होता. त्याने पास देऊन ३०० हून अधिक आणि धावून १०० हून अधिक यार्ड मिळवले. वैऱ्याच्या संघातला खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर इतका चांगला खेळतो आणि आपण त्याच्या पराभवाची प्रार्थना करत असतो, ही जाणीव सुखाची नसते. बाहेर पडताना सोनेरी टोप्या घातलेला टेकच्या समर्थकांचा एक घोळका आमच्या बरोबरीने जिना उतरत होता. आमच्यापैकी कोणीतरी त्यांना ‘तुमचा संघ फार छान खेळला’ असे म्हटले. त्यांतल्या एकाने मान हलवली, पण उत्तर दिले नाही, आणि त्या वेळी उत्तराची अपेक्षा ठेवणेही बरे नव्हते.

सामना संपल्यानंतरच्या व्यवस्थेविषयी एकच मोठी तक्रार आहे. इतक्या उशिरा संपलेल्या सामन्यानंतर वाहनतळांतून मुख्य रस्त्याला लागायला फार वेळ लागतो आणि गर्दी कोणत्या मार्गाने वळवली आहे, हे सांगणारे फलक अंधारात दिसत नाहीत. तो वेळ गाडीत घालवण्यापेक्षा नॉर्थ कॅम्पसपर्यंत चालत जावे. तिथे विजयानंतर चॅपलची घंटा वाजवण्याची प्रथा आहे आणि रांगेत उभे राहिले की कोणालाही दोर ओढायला मिळतो. त्या रात्री रांग लांब होती, पण बोलणे नेहमीसारखे विजयाच्या बढायांचे नव्हते. जो तो ‘ते तिसऱ्या सत्रातले काय झाले’, ‘तो झेंडा का पडला नाही’ आणि ‘पुढच्या शनिवारी कसे होणार’ यांवरच बोलत होता.

टेक सम वर्षी अथेन्सला खेळायला येते. हा सामना एकदा प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असणाऱ्याने सॅनफर्डमध्येच पाहावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. आसन शक्यतो मैदानाच्या मध्यरेषेजवळ, वरच्या मजल्यावर घ्यावे. तिथून खेळाची मांडणी कळते आणि ओव्हरटाइम कोणत्याही टोकाला झाला तरी काही निसटत नाही. एंड झोनमागचे आसन स्वस्तात मिळाले तरी ते मी सुचवणार नाही. स्टेडियमला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण रात्रीच्या वाहनव्यवस्थेसाठी कापला आहे. विजयासाठी वेगळे गुण द्यायचे झाले तर तीन, आणि त्यातला एक हेन्स किंगचा आहे.