‘आरएफ मॉड्यूल जळले आहे’ असे सांगून झालेली फसवणूक

रेडिओ कंट्रोल विमानाचा ट्रान्समीटर (जमिनीवरून विमान चालवण्याचा हातातला संच) दुरुस्तीला देण्याच्या विचारात असलेल्यांनी माझा हा अनुभव अवश्य वाचावा. यात पैसे गेलेच, पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशीही खेळ झाला.

माझा ट्रान्समीटर सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या नियंत्रणांचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. उजवी स्टिक मध्यावर असतानाही एलेव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीकडची पट्टी) थरथरत असे. बाकीचे सर्व्हो (अशा पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी) मात्र शांत असत. पुण्यातील एका कारागिराने झाकण उघडण्यापूर्वीच ‘आरएफ मॉड्यूल जळले आहे’, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणारा भाग निकामी झाला आहे, असे ठामपणे सांगितले, साडेतीन हजार रुपये घेतले आणि कोऱ्या कागदावर ‘मॉड्यूल नवीन टाकले’ असे लिहून दिले. संच हाती आला तेव्हा थरथर थांबलेली होती.

संशय आला तो विमानातल्या रिसीव्हरमुळे. माझ्या संचात ट्रान्समीटरची ओळख मॉड्यूलमध्येच साठवलेली असते, त्यामुळे मॉड्यूल बदलल्यावर रिसीव्हरचे बाइंडिंग (ट्रान्समीटरशी जोडणी) नव्याने करावेच लागते. इथे मात्र जुना रिसीव्हर चालू करताच जोडला गेला. थोड्याच दिवसांत थरथर परतली, तेव्हा क्लबमधील एका अनुभवी सरांसमोर मागचे झाकण उघडले. मॉड्यूलवर जुनी धूळ जशीच्या तशी होती आणि त्याच्या स्क्रूंवर पेचकसाचा ओरखडाही नव्हता. एलेव्हेटरच्या पोटेन्शिओमीटरखाली (स्टिकची हालचाल मोजणारा भाग, थोडक्यात ‘पॉट’) मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरचा तेलकट ओघळ दिसत होता. झिजलेल्या कार्बनपट्टीवर फवारा मारून दोष तात्पुरता झाकलेला होता. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे झाकण बसवताना अँटेनाची बारीक केबल कडेत चेमटली होती. अशा केबलमुळे पल्ला घटतो आणि विमान दूर गेल्यावर ताबा सुटू शकतो.

खरे तर मॉड्यूल बिघडले, तर परिणाम एकाच चॅनेलवर न होता सर्वांवर होतो. शिवाय रिसीव्हर बंद ठेवून ट्रान्समीटरच्या पडद्यावरील चॅनेलच्या पट्ट्या पाहिल्या आणि त्यातली एकच पट्टी थरथरत असली, तर दोष स्टिकच्या पॉटमध्ये किंवा त्याच्या तारांमध्ये आहे हे तिथेच कळते. ही तपासणी कारागिराला आपल्यासमोर करायला सांगावी, बदललेला जुना भाग परत मागावा आणि संच देण्यापूर्वी शक्य असल्यास आतली छायाचित्रे काढून ठेवावीत. दुरुस्तीनंतर कमी शक्तीवरची पल्ल्याची चाचणी, संचाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, विमान कोणाला तरी घट्ट धरायला लावून केल्याशिवाय उड्डाण करू नये.

सरांनी पॉट आणि केबल दोन्ही बदलून दिली. कारागिराने पैसे परत करण्यास नकार दिला आहे. त्याच्याच हस्ताक्षरातील तो कागद जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.