व्हेलसाठी बोट हळू चालवायची की नुसती टेक्नॉलॉजी लावायची?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल (व्हेलची एक जात) उरलेत जेमतेम ३८० च्या आसपास, आणि त्यांना बोटींची धडक बसू नये म्हणून २००८ पासून तिथे ठरावीक सीझनमध्ये, ठरावीक पट्ट्यात ६५ फूट आणि त्याहून मोठ्या बोटींना १० नॉट्सची लिमिट आहे, म्हणजे ताशी साधारण १८ किमी. २०२२ मध्ये हीच लिमिट ३५ ते ६५ फुटांच्या बोटींनाही लावायचा प्रस्ताव आला आणि हौशी मासेमारीवाले जाम भडकले. त्यांचं म्हणणं, लांब समुद्रात जायचं तर अर्धा दिवस जाण्यायेण्यातच जाणार, शिवाय खवळलेल्या पाण्यात हळू बोट सांभाळणं अवघड. हे पटतं बरं का.

त्यांचा पर्याय म्हणजे व्हेल कुठे आहे ते कळायला पाण्यातले माइक, थर्मल कॅमेरे, फोनवर अलर्ट. ऐकायला भारी, पण पिल्लू सोबत असलेली मादी फारसा आवाजच करत नाही, मग माइक काय पकडणार? वर या व्हेलला पाठीवर पर नाही, काळं अंग, दिसतच नाही.

२०२१ मध्ये फ्लोरिडात ५४ फुटी बोट पिल्लावर आदळली, पिल्लू गेलं आणि बोटही बुडता बुडता वाचली. ५४ फूट, म्हणजे नियमात बसतच नव्हती!

प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला. माझं मत तरी लिमिटलाच, निदान पिल्लांच्या सीझनपुरतं.