काचेवर वाळलेलं व्हार्निश: थिनरने काढायचं की ब्लेडने?

लाकडी खिडक्यांना व्हार्निश मारलं की काचेवर थोडंफार उडतंच. ओलं असताना पुसलं तर काही प्रश्न नाही. प्रश्न येतो ज्यांचं तेव्हा राहून गेलं त्यांना, आणि हे लिहितोय ते त्यांच्यासाठीच, कारण आमचंही तसंच राहून गेलं होतं. आमचं गावचं घर रत्नागिरीकडे. गणपतीच्या आधी घाईत खिडक्यांना व्हार्निश मारून घेतलं, पावसाळी हवा, दोन दोन दिवस हात लावला की चिकटायचं, त्यात मुंबईहून माणसं यायला लागलेली, मखराची गडबड, तावदानांकडे बघायला कोणाला वेळ होता. दिवाळीत दिसलं पण सुट्टी चारच दिवसांची. शेवटी मे महिन्यात हात घातला तोवर नऊ महिने झालेले. अकरा खिडक्या, एकेकीला सहा तावदानं, आणि साधारण निम्म्या काचांवर मधाच्या रंगाचे ठिपके, ओघळ आणि कडेने ब्रशचे फटकारे. नखाने खरवडून निघेल ही आशा पहिल्या पाच मिनिटांत संपली.

मी दोन्ही करून बघितलं. पहिल्या तीन खिडक्या थिनर आणि रिमूव्हरने (वाळलेलं व्हार्निश काढायचं तयार रसायन), नंतरच्या सहा ब्लेडने. दोन अजून बाकी आहेत. त्यामुळे जे सांगतोय ते एका घराच्या अनुभवावर, तुमचं व्हार्निश वेगळं असेल, काच वेगळी असेल, तर थोडा फरक पडू शकतो हे धरून वाचा.

आधी एक गोष्ट बघून घ्या, नाहीतर दोन्हीकडे वेळ जातो. काचेवर वाळलंय ते नक्की काय आहे? जुन्या पद्धतीचं स्पिरिट पॉलिश, म्हणजे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, असेल तर हा सगळा लेख वाचायची गरजच नाही, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून दोन मिनिटं ठिपक्यावर दाबून ठेवा, लाख परत विरघळते. फर्निचरवर मारतात ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असेल तर ते एनसी थिनरमध्ये परत विरघळतं. पण खिडक्यांना बाहेरून पाऊस लागतो म्हणून बहुतेक घरांत तेलाचं सिंथेटिक व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असतं, आणि ही दोन्ही वाळतात म्हणजे नुसती सुकत नाहीत. तेलाचं व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत बांधलं जातं, पीयूमध्ये दोन डब्यांतलं मिश्रण एकमेकांना धरतं. एकदा हे झालं की ज्या टर्पेंटाईनने किंवा थिनरने ते पातळ केलं होतं त्यानेच ते परत निघत नाही. आमच्या काकींनी सुरुवातीला टर्पेंटाईनच्या फडक्याने एक तावदान अर्धा तास घासलं, काच चकचकीत झाली पण ठिपके जिथल्या तिथे. म्हणून कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर आधी स्पिरिट, मग एनसी थिनर लावून बघा. विरघळून चिकट झालं तर तुमचं काम सोपं. नुसतं सुरकुतलं किंवा काहीच झालं नाही तर पुढे वाचा.

थिनरच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे काचेला चरा पडायची भीती नाही. हाताला जोर लागत नाही. नक्षीची किंवा घासलेली काच असेल, जशी बाथरूमच्या खिडकीला असते, तर तिथे ब्लेड चालतच नाही, खळग्यांमधलं व्हार्निश पात्याला लागतच नाही, तिथे थिनर किंवा रिमूव्हर आणि जुना टूथब्रश हाच मार्ग. आणि घट्ट रिमूव्हर, तो जेलीसारखा असतो तो, पाच-दहा मिनिटांत जाड ओघळाला सुद्धा फुगवून सुरकुत्या पाडतो, ते बघताना खरंच बरं वाटतं. मला पहिल्या तावदानावर वाटलं की झालं, दोन दिवसांत सगळं घर होईल.

मग त्रास सुरू झाला. आणि माझा निर्णय ज्याने केला तो त्रास हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खिडकी उभी असते. थिनर पातळ असतो. तुम्ही मधल्या ठिपक्यावर कापूस दाबता, दोन थेंब खाली ओघळतात, आणि ते जातात कुठे तर तावदानाच्या खालच्या बीडिंग पट्टीवर (काच धरून ठेवणारी लाकडी पट्टी), जिथे तुम्ही पैसे मोजून व्हार्निश मारून घेतलेलं असतं. त्या थेंबाला हे काचेवरचं नको असलेलं व्हार्निश आणि हे लाकडावरचं हवं असलेलं, हा फरक कळत नाही. खालची पट्टी ही आधीच खिडकीतली सगळ्यात नाजूक जागा, पावसाचं पाणी तिथेच साचतं, लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते. मी खाली फडकं दुमडून लावलं, तर फडकं थिनर पिऊन ओलं झालं आणि पट्टीला चिकटून बसलं, ओढलं तेव्हा व्हार्निशवर कापडाची वीण उमटलेली. मास्किंग टेप लावली, तर थिनर टेपच्या गोंदालाच विरघळवतो, टेपखाली झिरपतो आणि तिथे जास्त वेळ राहतो. जेलीवाला रिमूव्हर ओघळत नाही म्हणतात, थंडीत नसेलही, पण मे महिन्यात कोकणात तो सावकाश का होईना खाली सरकतोच. तीन खिडक्या झाल्यावर बघितलं तर काचा बऱ्यापैकी साफ आणि अठरापैकी अकरा तावदानांच्या खालच्या पट्ट्या पांढुरक्या, सुरकुतलेल्या. त्या पॉलिश पेपरने घासून परत व्हार्निश माराव्या लागल्या, आणि ते मारताना काचेवर परत थोडं उडालं. ज्या कामासाठी बसलो होतो तेच काम परत समोर.

यावर कोणी म्हणेल की पल्ला काढून आडवा ठेवायचा. बरोबर आहे, जमत असेल तर जरूर ठेवा, मग ओघळायचा प्रश्न बराच कमी होतो. आमच्याकडे समुद्राच्या हवेने बिजागऱ्यांचे स्क्रू इतके गंजलेत की एक काढताना त्याची खाचच गेली, पुढच्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

दुसरा त्रास धुरकटपणाचा. थिनरने जे थोडंफार विरघळतं ते फडक्यावर येतं तसं काचभर पसरतं पण, थिनर उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. दुपारी काच स्वच्छ दिसते. संध्याकाळी ऊन तिरकं आलं की सगळ्या काचेवर हाताचे गोल गोल फराटे. दर वेळी नवीन फडकं, नवीन थिनर, तीन-चार वेळा, तेव्हा कुठे तो जातो.

आणि शेवटची गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली असती तर मी थिनरच्या वाटेला गेलोच नसतो: तेलाच्या व्हार्निशला रिमूव्हर विरघळवत नाही, फुगवतो फक्त. म्हणजे फुगल्यावर ते खरवडायचंच असतं. हातात पातं शेवटी घ्यायचंच आहे तर मधली ही सगळी बाटल्यांची ये-जा कशासाठी?

रिमूव्हरबद्दल एक गंभीर सूचना. बाजारातल्या जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराईड असतं. ते साधारण 40 अंशाला उकळतं, उन्हात तापलेली काच त्याच्या आसपास सहज जाते, म्हणजे लावलं की उडायला लागतं, कामही करत नाही आणि वाफ सगळी तुमच्या नाकात. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साईडमध्ये बदलतो, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने त्याच्या जवळही थांबू नये. अमेरिकेत 2019 साली घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकायला बंदी आली. साध्या रबरी हातमोज्यातून ते थोड्या वेळात आरपार जातं. वापरायचंच तर सकाळी, सावलीत, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, आणि घरात लहान मूल असेल तर माझं मत विचाराल तर नाहीच.

आता ब्लेड. ब्लेड म्हणजे दाढीचं दुधारी पातं नव्हे, ते वाकतं आणि बोट कापतं. हार्डवेअरच्या दुकानात काच खरवडायचा छोटा स्क्रॅपर मिळतो, त्यात एकधारी जाड पातं बसतं. तो आणि एका तांब्यात पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे थेंब. बस्स.

भीती सगळ्यांना एकच, काचेला चरे पडतील. मलाही होती, आणि एका तावदानावर दोन चरे पडले सुद्धा, पण ते पात्याने नाही, मातीने. आमच्याकडे अंगणात जांभ्याची तांबडी धूळ, खिडकीच्या कडेला साचलेली असते, मी काच न धुता थेट पातं लावलं आणि मातीचा एक कण पात्याखाली अडकून काचभर फिरला. त्यानंतर आधी काच धुवायची, कोपरे जुन्या ब्रशने काढायचे, मग परत साबणाचं पाणी मारून ओल्या काचेवरच पातं चालवायचं असं केलं, आणि पुढच्या सगळ्या तावदानांत एकही चरा नाही. पातं साधारण तीस-चाळीस अंशात तिरपं, दाब दोन्ही टोकांना सारखा, एकाच दिशेने पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही, परत सुरुवात करायची तर उचलून. मागे ओढलं की सुटलेला कचरा पात्याखाली येतो. काच वाळायला लागली की परत पाणी, यात आळस करायचा नाही. दुसरं म्हणजे पातं बदलायला कंजूषी नको. कोकणात ओलं पातं रात्रभर ठेवलं तर सकाळी धारेवर गंजाचे ठिपके, आणि गंजलेली धार म्हणजे चरा नक्की. मी एका पात्यात दोन खिडक्या करून ते टाकून देत होतो.

आणि व्हार्निश कसं निघतं? सालीसारखं. नऊ महिने वाळून कडक झालेलं ते, काचेला त्याने लाकडासारखं आत शिरून धरलेलंच नसतं, नुसतं वरून चिकटलेलं असतं, त्यामुळे पातं कडेखाली गेलं की अख्खा ठिपका उडून येतो. जुनं झालेलं व्हार्निश थिनरला दाद देत नाही पण ब्लेडला उलट सोपं जातं. पहिल्या खिडकीला मला तासभर लागला, तिसरीपासून वीस-पंचवीस मिनिटांत एक होत होती. धुरकटपणा नाही, वास नाही, खालची पट्टी जशीच्या तशी.

कडेची जागा मात्र काळजीची. तिथे काचेवरचा पापुद्रा आणि लाकडावरचं व्हार्निश एकच सलग असतं, नुसतं खरवडायला गेलात तर पट्टीवरचंही सोलून येतं. म्हणून आधी कटरने पट्टीच्या कडेला समांतर एक रेघ मारून तो पापुद्रा तोडायचा आणि मग काचेच्या बाजूचं काढायचं. रेघ अगदी लाकडाला चिकटून नको, एक-दीड मिलिमीटर व्हार्निश काचेवर राहू द्या. ते दिसायला कमीच दिसतं, पण काच आणि पट्टीच्या फटीत पाणी जाऊ देत नाही. जुन्या खिडक्यांत पट्टीऐवजी खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची पुट्टी असेल तर हे आणखीनच महत्त्वाचं, ती जुनी पुट्टी ठिसूळ असते, पातं लागलं की तुकडा निघतो.

ब्लेड कुठे नको हेही सांगतो. फ्लॅटमधल्या मोठ्या काचा बऱ्याचदा टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, असतात, कोपऱ्यात छोटा शिक्का असतो तो बघा. त्यांच्या पृष्ठभागावर कधी कधी भट्टीतच काचेचे बारीक कण चिकटलेले असतात, पातं ते उखडून फरफटत नेतं आणि चरेच चरे. आरसा-फिल्म लावलेली किंवा कोटिंगची काच असेल तर अजिबात नाही. आणि काच नसून ॲक्रिलिक असेल तर ब्लेडही नको आणि थिनरही नको, थिनरने त्यावर जाळं उमटतं. हीट गन कोणी सुचवली तर काचेपासून लांबच ठेवा, एका जागी गरम झालेली काच तडकते. तारेची घासणी तर नकोच.

तर साधी सपाट जुनी काच, तेलाचं व्हार्निश आणि उभ्या खिडक्या असतील तर मी ब्लेडकडेच झुकेन. थिनरने ज्यांचं काम नीट झालंय असेही लोक असतील, विशेषतः ज्यांचे पल्ले सहज निघतात किंवा ज्यांच्या चौकटींना अजून व्हार्निश लागायचंच आहे, त्यांना ओघळाची चिंता नाही. आमच्या बाथरूमच्या नक्षीच्या काचेला मी स्वतः थिनरच वापरणार आहे, कानात घालायच्या कापसाच्या काडीने, ठिपका ठिपका, खाली ओघळेल इतका घ्यायचाच नाही.

ती एक आणि माडीवरची एक अशा दोन खिडक्या राहिल्यात. दिवाळीत गेलो की करीन. या वेळी पात्यांचं अख्खं पाकीट पुण्याहूनच घेऊन जाणार, गावात एकेक सुटं मिळतं आणि तेही कधी कधी आधीच गंजलेलं.