बारा मारेकरी मागवले, नट-बोल्ट आले

माझे एकूण १०,७५२ रुपये गेले. त्यातले ८,४०० लोभापायी आणि उरलेले २,३५२ रागापायी. लोभाचं एकवेळ कोणालाही सांगता येतं. रागाचं सांगायला अजून जीभ रेटत नाही, म्हणून लिहून टाकतो.

मी वर्धा जिल्ह्यातला, सेलू तालुक्यातला. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. त्याच्या जोडीला वडिलांपासून चालत आलेलं काम म्हणजे लाकडी नंदी रंगवणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो, पोरं चाकाचे नंदी ओढत घेऊन येतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला, तिथले मोठाले नंदी पाहायला गावोगावचे लोक जातात. आषाढ लागला की माझ्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. नंदीचा डोळा मी सगळ्यात शेवटी काढतो. डोळा बसला की लाकूड बैल होतं, नाहीतर ते लाकूडच राहतं.

नागपूरला शिकणारा भाचा एका दिवाळीत औषधाच्या डबीत कापूस घालून एक माणूस घेऊन आला. उंची बोटाच्या दीड पेराएवढी, हातात तलवार, अंगावर झगा. म्हणाला, "मामा, तुमचा हात बसलेला आहे न, याचा डोळा काढून दाखवा बरं."

मी भिंग लावून, कुंचल्याचे केस कापून एकच ठेवला आणि काढला. तिथंच फसलो असं म्हटलं तरी चालेल.

हा एक खेळ आहे, वॉरहॅमर नावाचा. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कंपनीने १९८३ मध्ये काढला. टेबलावर २८ मिलिमीटरच्या आसपासच्या बाहुल्यांच्या फौजा मांडायच्या, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकून लढाई करायची. त्या काल्पनिक जगात राक्षस आहेत, बुटके आहेत, मेलेले उठून चालतात. मला त्यातलं काही फारसं भावलं नाही. मला आवडले ते भाडोत्री. १९९८ मध्ये कंपनीने फक्त पैशासाठी लढणाऱ्या फौजांचं एक पुस्तक काढलं होतं. त्यात टिलिया नावाचा मुलूख आहे, जुन्या इटलीतल्या नगरराज्यांवर बेतलेला, आणि तिथली एक टोळी आहे, व्हेस्पेरोज व्हेंडेटा. द्वंद्व लढणारे तलवारबाज आणि मारेकरी, पैसे मोजा आणि न्या. व्हेंडेटा म्हणजे कुळाचं वैर, पिढ्यान् पिढ्या चालणारा सूड. आमच्या गावात बांधावरून चालतो तसाच, फक्त यांचे कपडे चांगले.

भाच्याने सांगितलं की खऱ्या इटलीत असे भाडोत्री सरदार होतेच. त्यांना कोंदोत्तिएरी म्हणत. कोंदोत्ता म्हणजे करार, त्यावरून पडलेलं नाव. किती माणसं, किती महिने, किती पैसे, सगळं कागदावर. मी म्हटलं, आपल्या नागपूरकर भोसल्यांकडेही अरब होते की. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला इंग्रजांशी लढाई झाली त्यात ते होते, आणि पुढे अप्पासाहेब शरण गेले तरी हे अरब नागपूर शहरात ठाण मांडून बसले, अटी ठरल्यावरच बाहेर निघाले. पगारी शिपाई धन्यापेक्षा चिवट निघाला. पेंढाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना पगार नाही, लूट हाच पगार. हा फरक मला तेव्हा तोंडपाठ होता. समोरचा कोंदोत्तिएरी आहे की पेंढारी, हे ओळखायची वेळ आली तेव्हा काही आठवलं नाही.

व्हेस्पेरोची ती टोळी धातूत ओतलेली होती. पांढरा धातू म्हणतात त्याला, मुख्यतः कथील. आता ती बनत नाही. राक्षस-बुटक्यांच्या त्या जगाचा खेळच कंपनीने २०१५ मध्ये गुंडाळला आणि २०२४ मध्ये पुन्हा बाजारात आणला. भाचा म्हणाला, जुने धातूचे नग आता कोणाकडे सापडले तरच. गेल्या जानेवारीत कापूस विकून हातात थोडे पैसे आले होते आणि त्याच आठवड्यात आमच्या बाहुल्या रंगवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फोटो टाकला. अख्खी टोळी, बारा नग, बिनरंगाची, ११,००० रुपये.

मी घासाघीस केली. तो ८,४०० वर आला. आता वाटतं, इतक्या लवकर उतरणारा माणूस एकतर गरजू असतो नाहीतर त्याला माल द्यायचाच नसतो.

आणि मी काही डोळे झाकून पैसे टाकले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी हुशारी केली. पहिली हुशारी, त्याला म्हटलं, एका कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, कागद बाहुल्यांजवळ ठेवा आणि फोटो पाठवा. अर्ध्या तासात फोटो आला. माझं नाव, तारीख, शेजारी बारा जण. मी खूश. दोन महिन्यांनी तोच फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं, बाहुल्यांची सावली डावीकडे पडली होती आणि कागदाची उजवीकडे. एका खोलीत दोन सूर्य. नंदीच्या पोटाखालची सावली रंगवण्यात ज्याची तीस वर्षं गेली त्याला हे दिसू नये? पण तेव्हा मी सावली पाहतच नव्हतो, मी माझं नाव पाहत होतो.

दुसरी हुशारी वजनाची. हल्ली या बाहुल्यांच्या नकला रेझिनमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकमध्ये ओततात. रेझिन पाण्यापेक्षा जेमतेम जड, तर कथील पाण्याच्या सातपट जड. म्हणून मी म्हटलं, कुरिअरच्या पावतीवर वजन असतं, ती पावती आधी पाठवा, मग पूर्ण पैसे. म्हणजे खोक्यात धातू आहे की नाही ते मला घरबसल्या कळणार. तो म्हणाला, "बिलकुल भाऊ, आपला व्यवहार साफ आहे." पावती आली, ४१० ग्रॅम. मी हिशेब केला, बारा नगांचे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, उरलेलं खोकं आणि गुंडाळी. बसलं. पैसे टाकताना यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. माझंही दुधाचं बिल बायकोच्याच खात्यातून जातं, त्यामुळे तेही बसलं. व्हिडिओ कॉल तेवढा त्याने तीनदा टाळला, रेंज नाही म्हणून. आमच्या गावातून असं कोणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला असता, पण हा माणूस स्वतःला पुण्याचा सांगत होता.

खोकं सातव्या दिवशी सेलूला आलं. मी बाजाराच्या पिशवीत घालून, मोटारसायकलच्या टाकीवर जपत घरी आणलं. वरती हिंदी वर्तमानपत्राचे बोळे, त्याखाली चिकटपट्टी गुंडाळलेला एक जड गोळा, आणि बाजूला प्लास्टिकच्या पुडीत बारा बाहुल्या, राखाडी, मक्याच्या लाह्यांसारख्या हलक्या. जड गोळा सोडला तर आत लोखंडी नट-बोल्ट. माझ्या वजनाच्या हट्टाचं उत्तर त्याने असं पाठवलं होतं. मी अट घातली नसती तर त्याला एवढा विचारही करावा लागला नसता.

त्या बाहुल्या पाहून पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं. खऱ्या धातूच्या नगाच्या पायाखाली एक बारीक पट्टी असते, बैठकीच्या फटीत बसवायला, आणि तिच्यावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव आणि साल उठवलेलं असतं. इथं पट्टी होती पण अक्षरं म्हणजे नुसता ओघळ. कप्तानाच्या नाकावर हवेचा फुगा राहून खड्डा पडलेला. तलवार गरम चहाच्या कपाला लागली आणि वाकली. असे नग ओतताना थोडे आक्रसतात, त्यात नकलेवरून नक्कल ओतली की आणखी. माझ्याकडच्या धातूच्या दोन जुन्या माणसांशेजारी हे मारेकरी शाळकरी पोरांसारखे दिसत होते.

खोकं उघडताना मी व्हिडिओ काढला नव्हता. माझी पोरगी म्हणाली, "बाबा, मी मोबाईल धरते म्हटलं होतं न तुम्हाले." म्हटली होती. मी तिला चहा करायला पिटाळलं होतं.

त्याला फोन लावला तर नंबर बंद, ग्रुपमधूनही गायब. इथपर्यंतची गोष्ट अनेकांची आहे. तेव्हाच १९३० ला फोन केला असता तर काही धागा हाती लागला असता. तो नंबर सायबर फसवणुकीसाठी सरकारनेच दिलेला आहे, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर बँक ते अडवू शकते. मी अकरा दिवस काहीच केलं नाही. का, तर मला तक्रार करायचीच नव्हती, मला तो माणूस सापडायला हवा होता. रात्री पडल्या पडल्या त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो, आणि काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. बायको म्हणायची, "अवो, झोपा आता. आठ हजारात काय घर बुडालं आपलं?"

बाराव्या दिवशी मेसेज आला. फोटोत वर्दीतला माणूस, खाली लिहिलेलं की तुमच्यासारख्या फसलेल्यांचे पैसे आमची टीम परत काढून देते, आरोपीचा पत्ता आमच्याकडे आहे. पुराव्यादाखल त्याने मला फसवणाऱ्याचा नंबर पाठवला. बरोबर होता! मला एवढंही सुचलं नाही की तो नंबर ग्रुपमधल्या दोनशे जणांकडे होता, कारण मीच तिथं चिडून टाकला होता. कदाचित हा दुसरा म्हणजे तो पहिलाच असेल.

हे लिहायला जड जातंय, तरी लिहितो. त्या दिवशी मला पैसे परत मिळतील याचा आनंद झाला नव्हता. त्या मेसेजमध्ये "आरोपीला उचलू" असं होतं आणि मला त्या शब्दाची भूल पडली. मी पैसे मोजून मारेकरी भाड्याने घेत होतो. खेळातले नाही, खरे. दहा टक्के आगाऊ म्हणजे ८४० रुपये, दिले. दुसऱ्या दिवशी ८,४०० वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,५१२ रुपये, "रिफंडसोबत परत मिळेल", तेही दिले. माझ्या हक्काच्या पैशावर मीच कर भरतोय हे विचित्र वाटलं, पण हिशेब पै-पैला जुळत होता, आणि हिशेब जुळला की मी गप्प बसतो हा माझा जुना आजार.

संध्याकाळी त्याने एक ॲप टाकायला सांगितलं, माझी स्क्रीन त्याला दिसेल असं, आणि म्हणाला पैसे जमा करायचे आहेत तेव्हा यूपीआयचा पिन टाका. पोरगी शेजारी अभ्यास करत होती. तिने मान वर केली. "बाबा, पैसे येताना पिन कायले लागते?"

मी फोनवर हात ठेवून तिला म्हटलं, "तू गप, साहेब सांगून रायले."

तिने फोन ओढून घेतला आणि बंद केला. बारावीतली पोरगी, माझ्या हातातून. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. रागावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण पिन घेण्यासाठी नाही तर देण्यासाठीच लागतो, हे मला माहीत होतं. किराणावाल्याच्या दुकानात मी स्वतः एका म्हाताऱ्याला समजावलं होतं.

त्याच रात्री १९३० ला फोन केला, मग ऑनलाइन तक्रार भरली. पावत्या, चॅट, दोन सूर्यांचा फोटो, सगळं जोडलं. पोलीस ठाण्यातल्या जमादाराने शांतपणे ऐकून घेतलं. बाहुल्या पाहून एवढंच म्हणाला, "भाऊ, हे खेळणे आठ हजाराचे?" मी म्हटलं, खरे असते तर. तो हसला नाही, म्हणून मला तो माणूस आवडला. शेवटचे १,५१२ रुपये कोणत्या तरी बँकेत अडवून ठेवलेत असा मेसेज आला आहे. बाकीचं अजून चौकशीत.

भाच्याला वाटतं मी आता हे सोडून द्यावं. सोडलं नाही. फक्त आता विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर एक नग पाण्याच्या ग्लासात टाकायला सांगतो आणि खाली आपटल्याचा टण् आवाज ऐकतो. रेंज नाही म्हणाला की माझीही रेंज जाते.

कप्तान मी रंगवला. नाकातला खड्डा भरून घेतला, वाकलेली तलवार तशीच ठेवली. डोळा चांगला बसला. आणि त्या गोळ्यातले चार नट या पोळ्याला शेजारच्या नातवाच्या नंदीच्या चाकांना लागले, आस बरोबर त्याच मापाचा निघाला.